छातीतली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

छातीच्या फोटोत डाग दिसला की आपल्याकडे दोनच शब्द ऐकू येतात. माणूस तिशी-चाळिशीतला असेल तर 'टीबी' आणि पन्नाशीपुढचा, विडी-सिगारेट ओढणारा असेल तर 'कॅन्सर'. रिपोर्टचे पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर येण्याआधीच घरात अर्धे निदान झालेले असते. कोणी म्हणते, सहा महिन्यांचा कोर्स करून टाका. कोणी म्हणते, आता टाटाशिवाय गत्यंतर नाही. हे दोन्ही आजार आपल्याकडे पुष्कळ असल्यामुळे असे अंदाज बऱ्याचदा खरेही ठरतात. आजचा लेख आहे तो ज्यांच्या बाबतीत हा अंदाज चुकतो त्यांच्यासाठी.

फुफ्फुसाचा एक आजार असा आहे की, तो फोटोत हुबेहूब कर्करोगाच्या गाठीसारखा दिसतो. कधी गाठीच्या मध्ये पोकळी पडते, मग तो टीबीसारखा दिसतो. खोकल्यातून रक्त पडते, ताप येतो, वजन उतरते. प्रत्यक्षात तो टीबीही नसतो आणि कर्करोगही नसतो. त्याचे नाव लांबलचक आहे : ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. डॉक्टर मंडळी थोडक्यात 'जीपीए' म्हणतात. उपचार न झाल्यास हा आजार काही महिन्यांत जीव घेतो, आणि योग्य उपचार वेळेवर झाल्यास बहुतेक रुग्ण कामावर परत जातात. म्हणूनच माझे ठाम मत आहे की, केवळ छातीच्या फोटोवरून ना टीबीचे औषध सुरू करावे, ना कर्करोगाचा निवाडा द्यावा. आधी माणूस पूर्ण तपासावा, मग गाठीचा तुकडा तपासावा आणि मगच औषधाची चिठ्ठी लिहावी.

कुंपणच शेत खाते

आपल्या शरीरातील प्रतिकारशक्ती हे शेताचे कुंपण. बाहेरून येणाऱ्या जंतूंना तिने अडवायचे असते. काही आजारांत ती आपले आणि परके ओळखेनाशी होते आणि स्वतःच्याच अवयवांवर उलटते. यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. संधिवाताचा आमवात हा यातलाच एक, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. जीपीएमध्ये हा हल्ला होतो तो बारीक रक्तवाहिन्यांवर. वाहिन्यांच्या भिंती सुजतात, रक्तपुरवठा तुटतो आणि त्या जागेचे मांस मरते. नाक व सायनस, फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे ही या आजाराची आवडती ठिकाणे. फुफ्फुसात सुजेची आणि मेलेल्या पेशींची जी गोळी तयार होते, तीच फोटोत गाठ म्हणून दिसते.

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे, लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवण्याचे काहीही कारण नाही.

जर्मनीत १९३१ साली हाइन्झ क्लिंगर यांनी या आजाराचे पहिले वर्णन केले. पुढे १९३६ आणि १९३९ साली फ्रीडरिश वेगेनर यांनी तो सविस्तर मांडला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. वेगेनर हे नाझी पक्षाचे सदस्य होते हे नंतर उजेडात आले आणि २०११ साली डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते नाव बदलून आजचे नाव स्वीकारले. जुन्या फाइलवर 'वेगेनर्स' असे लिहिलेले असेल तर तो हाच आजार समजावा.

आजार दुर्मिळ आहे. युरोपात दरवर्षी दहा लाख लोकांमागे साधारण दहा किंवा त्याहून कमी नवे रुग्ण सापडतात. आता आपला हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर होती आणि त्यानंतर वाकड, मोशी, चिखली, चाकण कसे भरत गेले ते आपण पाहतोच आहोत. युरोपाच्या निम्मे प्रमाण धरले तरी दरवर्षी या पट्ट्यातील काही घरांत हा आजार शिरत असणार. 'दुर्मिळ' या शब्दाचा अर्थ 'आपल्या गल्लीत नाही' असा होत नाही.

एक माणूस, पाच फाइली

असा रुग्ण कसा भटकतो, याचा नमुना सांगतो. हा कोणी एक ठरावीक माणूस नव्हे, या आजाराची नेहमीची वाट आहे.

पंचेचाळिशीचा कामगार डोळ्यांसमोर आणा. आधी त्याचे नाक चोंदते. महिनोन्‌महिने सर्दी हटत नाही, नाकातून खपल्या आणि कधी रक्त पडते. तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. सायनसचे औषध मिळते. पुढे कान वाहू लागतो, कमी ऐकू येते. मशीनच्या आवाजाने असेल, असे घरचे म्हणतात. नंतर गुडघे, घोटे दुखतात, दुखणे आज या सांध्यात तर उद्या त्या सांध्यात. हाडांचे डॉक्टर वेदनाशामक देतात. डोळा लाल होतो, तिसरी फाइल तयार होते. मग खोकला, बारीक ताप, रात्रीचा घाम, सात-आठ किलो वजन कमी. छातीचा फोटो काढला जातो आणि त्यात दोन-तीन गाठी दिसतात. आता चौथी फाइल छातीच्या डॉक्टरांची आणि पाचवी कर्करोगाच्या.

प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी हुशार असतात. पण नाकाची फाइल छातीच्या डॉक्टरांनी पाहिलेली नसते आणि सांध्यांचे दुखणे रुग्णानेच सांगितलेले नसते. 'छातीसाठी आलोय, गुडघ्याचे काय सांगायचे', असे त्याला वाटते. पाचही फाइली एका टेबलावर उघडल्या, तर निदानाची अर्धी वाट तिथेच संपते.

फॅमिली डॉक्टर ही संस्था आपल्या शहरातून हळूहळू नाहीशी होत आहे. नाकासाठी एक, छातीसाठी एक, रक्तासाठी लॅबचे पॅकेज अशी सोय झाली आहे. तज्ज्ञांची गरज मी नाकारत नाही. उलट, या आजाराचा उपचार तज्ज्ञांनीच करायचा असतो. पण सगळे धागे एकत्र धरणारा एक माणूस हवा. तो डॉक्टर नसेल, तर घरातल्या कोणीतरी ते काम अंगावर घ्यावे. एका कागदावर तारीखवार लिहावे : नाकाचा त्रास केव्हा सुरू झाला, कान केव्हा, सांधे केव्हा, वजन किती होते आणि आता किती आहे. हा कागद कित्येकदा महागड्या स्कॅनपेक्षा अधिक बोलतो.

लघवीची साधी तपासणी विसरू नका

या आजाराची सर्वांत घातक बाजू छातीत नसते, ती असते मूत्रपिंडात. तिथे दुखत नाही, खुपत नाही. माणूस खोकल्याच्या काळजीत असतो आणि आतल्या आत काही आठवड्यांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पुढे आयुष्यभर डायलिसिस मागे लागते.

याचा सुगावा लावणारी तपासणी सर्वांत स्वस्त आहे. लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिने आणि लाल पेशी सापडतात. जोडीला रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले असते. फुफ्फुसाच्या टीबीत किंवा कर्करोगात असे सहसा दिसत नाही. म्हणून छातीत गाठी आणि लघवीत रक्त व प्रथिने एकत्र दिसली, तर डॉक्टरांनी तिथेच थांबून वेगळा विचार करायला हवा. हजारो रुपयांचा सीटी स्कॅन झालेला असतो, पण लघवीची बाटली कोणी दिलेलीच नसते. ही विसंगती आपण सगळ्यांनी मिळून दूर करायला हवी.

टीबीचा शिक्का

टीबीबद्दल हलगर्जीपणा करा, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. जगातील टीबीच्या दर चार रुग्णांपैकी साधारण एक भारतात असतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, तिथे पेनिसिलिन आणि पुढे टीबीवरचे स्ट्रेप्टोमायसिन तयार झाले. टीबीशी आपल्या गावाचा संबंध असा जुना आहे. प्रश्न टीबीचा संशय घेण्याचा नाही, तो घेतलाच पाहिजे. प्रश्न आहे तो पुराव्याशिवाय शिक्का मारण्याचा.

खासगी व्यवसायातील आम्हा डॉक्टरांना या बाबतीत आरसा दाखवणारा एक अभ्यास मुंबईचा आहे. १९९१ साली धारावीतील शंभर खासगी डॉक्टरांना टीबीची औषधे लिहायला सांगितली, तेव्हा ऐंशी वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला : १०६ डॉक्टर, ६३ पद्धती, आणि बिनचूक उत्तर देणारे फक्त सहा. खऱ्या टीबीच्या औषधातच जिथे असा गोंधळ, तिथे टीबीचा वेश घेऊन आलेल्या दुसऱ्या आजाराची काय कथा?

आज थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते आणि काही तासांत टीबीचा जंतू आहे की नाही ते सांगते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, औषध सुरू करून महिना-दीड महिना झाला, तरी ताप हटत नाही आणि गाठी वाढतच आहेत, अशा वेळी 'कोर्स पूर्ण करा' एवढे उत्तर पुरेसे नाही. रुग्णाने नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, हा दुसरा काही आजार असू शकेल का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. मात्र मनानेच गोळ्या बंद करणे हा अपराध आहे. खरा टीबी असेल, तर औषधांना न जुमानणारे जंतू त्यातूनच तयार होतात.

तुकडा हाच साक्षीदार

गाठीला सुई लावली की कर्करोग पसरतो, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. चांगली शिकलेली माणसेही बायोप्सीला नकार देऊन उठून जातात. फुफ्फुसाच्या बायोप्सीत असे पसरणे अत्यंत विरळ आहे. छातीत हवा साठणे किंवा थोडे रक्त पडणे हे धोके असतात, त्यासाठीच ती रुग्णालयात, देखरेखीखाली करतात. बायोप्सी न करण्याचा धोका मात्र त्याहून कितीतरी मोठा असतो. गाठ कर्करोगाचीच असेल, तरी तुकडा लागतोच, कारण फुफ्फुसाच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत आणि औषध प्रकारानुसार ठरते. कर्करोग समजून फुफ्फुसाचा भाग काढला आणि नंतर तो जीपीए निघाला, अशाही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली म्हणजे कर्करोग नक्की, असेही नाही. टीबी चमकतो, जीपीएसुद्धा चमकतो. स्कॅन जागा दाखवतो, जात सांगत नाही.

येथे तीन गोष्टी नातेवाइकांनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, तुकड्याचे दोन भाग व्हायला हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा सलाइनमध्ये, टीबीच्या जंतूंची तपासणी आणि कल्चर करण्यासाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे सगळा तुकडा एकाच बाटलीत गेला, तर कल्चरची संधी गेली. 'दोन्ही बाटल्या पाठवल्या ना?' हे आधीच विचारावे.

दुसरी, रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा' हा शब्द दिसला की टीबी, असे समीकरण करू नये. टीबीत ग्रॅन्युलोमा असतो, सार्कॉइडोसिसमध्ये असतो आणि जीपीएच्या तर नावातच आहे. रक्तवाहिन्यांना सूज आहे का, हे पॅथॉलॉजिस्टने मुद्दाम पाहावे लागते. त्यांना नाकाचा, लघवीचा इतिहास कळवला असेल, तर ते तसे पाहतात. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा फार लहान असतो, त्यावरून काही ठरले नाही तर सीटीच्या मदतीने सुईने किंवा शस्त्रक्रियेने मोठा तुकडा घ्यावा लागतो. कधी नाकातून किंवा मूत्रपिंडातून घेतलेला तुकडाच उत्तर देतो.

तिसरी गोष्ट 'अँका' या रक्ततपासणीची. या आजाराशी तिचे नाते १९८५ साली स्पष्ट झाले आणि निदान पुष्कळ सोपे झाले. परंतु आजार फक्त नाका-छातीपुरता असेल, तर ती निगेटिव्ह येऊ शकते आणि टीबीच्या काही रुग्णांत पॉझिटिव्हही येते. तेव्हा अँका हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

'घेऊन पाहा' म्हणून स्टेरॉइड नको

निदानापूर्वी अंदाजाने स्टेरॉइड देणे ही आपल्याकडची आणखी एक खोड. स्टेरॉइडने जीपीए काही दिवस दबतो, ताप उतरतो, रुग्ण खूश होतो. पण तुकड्यातल्या खुणा पुसट होतात आणि मूत्रपिंडाचा ऱ्हास चालूच राहू शकतो. आजार टीबीचा असेल, तर तो आणखी फोफावतो. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या ज्या बिनलेबलच्या पुड्या मिळतात, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच असते. अशी पुडी चालू असेल, तर ती लपवू नये, डॉक्टरांना दाखवावी. फार दिवस घेतली असेल, तर एकदम बंदही करू नये.

अपवाद एकच. खोकल्यातून खूप रक्त पडत आहे, दम लागला आहे, क्रिएटिनिन रोज चढते आहे, अशा वेळी तज्ज्ञ डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. तो निर्णय रुग्णालयात, डोळसपणे घेतलेला असतो.

उपचार : मृत्युपत्रापासून कामावर परत

१९५८ साली इंग्लंडमध्ये या आजाराच्या रुग्णांचा आढावा घेतला गेला. तेव्हा रुग्ण सरासरी पाच महिने जगत आणि शंभरातले ब्याऐंशी वर्षभरात दगावत. चित्र बदलले ते सायक्लोफॉस्फमाइड या औषधाने. मूळचे हे कर्करोगावरचे औषध. कोविडच्या काळात ज्यांचे नाव आपल्या घराघरांत पोचले, ते अमेरिकेतील डॉ. अँथनी फाउची आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात ते स्टेरॉइडबरोबर या आजारात वापरले. १९८३ साली त्यांनी ८५ रुग्णांचा अहवाल दिला, त्यांतील ७९ जणांचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता. वैद्यकाच्या इतिहासात इतकी मोठी उडी क्वचित दिसते.

२०१० साली रिटक्सिमॅब हे इंजेक्शन तितकेच गुणकारी असल्याचे सिद्ध झाले. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचा देशी पर्याय २००७ सालीच बाजारात आणला होता, त्यामुळे आपल्याकडे ते तुलनेने कमी खर्चात मिळू शकते. २०२० साली सातशेहून अधिक रुग्णांवरील मोठ्या अभ्यासात असे दिसले की, स्टेरॉइडचा डोस पूर्वीपेक्षा लवकर उतरवला, तरी गुण तेवढाच येतो आणि गंभीर जंतुसंसर्ग कमी होतात.

उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिले तीन ते सहा महिने आजार विझवायचा. त्यानंतर दीड-दोन वर्षे किंवा अधिक काळ कमी ताकदीच्या औषधांनी तो पुन्हा पेटू द्यायचा नाही. हा आजार उलटू शकतो. म्हणून बरे वाटले की औषध बंद, ही आपली सवय येथे महागात पडते. दर काही महिन्यांनी लघवी, क्रिएटिनिन आणि रक्तपेशी तपासाव्याच लागतात.

औषधे जहाल आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. सायक्लोफॉस्फमाइडने मूत्राशयाला इजा होऊ शकते, म्हणून भरपूर पाणी प्यावे लागते. मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तरुण जोडप्यांनी ही गोष्ट आधी बोलून घ्यावी. रिटक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी तपासावा लागतो. औषधे चालू असताना ताप आला, तर घरी गोळी घेऊन झोपू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

कारखान्यातली धूळ

आपल्या पट्ट्यासाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा. भोसरी, चाकण परिसरातील फाउंड्रींत साच्यांसाठी वाळू वापरतात. कास्टिंगची सफाई करताना सिलिकाची बारीक धूळ उडते. या धुळीने सिलिकोसिस होतो, टीबीचा धोका वाढतो आणि जुन्या सिलिकोसिसच्या गाठी एकत्र येऊन फोटोत कर्करोगासारख्या दिसतात. सिलिकाच्या धुळीचा संबंध अँकाशी निगडित रक्तवाहिन्यांच्या आजारांशीही अनेक अभ्यासांत आढळला आहे. म्हणून डॉक्टरांनी 'काय काम करता?' एवढ्यावर थांबू नये. 'कंपनीत नोकरी' या उत्तरात फाउंड्रीही बसते आणि ऑफिसही. कामगारानेही वाळू, धूळ, ग्राइंडिंग यांत किती वर्षे काढली ते स्पष्ट सांगावे.

खर्चाच्या धास्तीने तपासण्या टाळू नयेत. महापालिकेचे वायसीएम, पुण्याचे ससून येथे छातीचे विभाग आहेत. ई.एस.आय. कार्ड असेल, तर मोहननगरच्या ई.एस.आय. रुग्णालयातून वाट सुरू करता येते आणि नियमात बसल्यास आजारपणाच्या रजेत वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के भत्ताही मिळतो. उपचाराची सूत्रे मात्र छातीचे डॉक्टर, मूत्रपिंडाचे डॉक्टर आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट यांनी मिळून हाती घ्यावीत.

शेवटी पुन्हा तेच सांगतो. छातीतील गाठ दिसल्यावर दोन आठवडे वाया घालवू नका आणि दोन मिनिटांत निकालही लावू नका. कर्करोग असेल, तर तो लवकर कळलेला बरा. टीबी असेल, तर तो पुराव्यानिशी कळलेला बरा. आणि या दोहोंपैकी काहीच नसेल, तर ते कळल्यावाचून रुग्णाला वाचवता येणार नाही. घरातल्या माणसाच्या छातीच्या फोटोबरोबर त्याच्या लघवीचा रिपोर्ट आहे का, एवढे आज जुन्या फाइलीत पाहून घ्या. नसेल, तर उद्या सकाळी बाटली घेऊन जा.